४०७ च्या टाय रॉडचा बूट फाटलाय : नुसता बूट बदलू की अख्खा एंड?

जांबोटीवाला

नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७, वडिलांच्या वेळची. बेळगावच्या मार्केट यार्डात भाजी भरतो आणि चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत म्हापशाला खाली करतो. आठवड्याला चार फेऱ्या.

परवा रिकामा परत येताना कणकुंबीला चहाला थांबलो. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमला आतल्या अंगाने ग्रीसचे शिंतोडे दिसले. आधी वाटलं हबचं सील गेलं. खाली वाकून मोबाईलचा उजेड मारला, तर टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) डाव्या एंडचा, म्हणजे टोकाच्या जॉइंटचा, रबरी बूट अर्ध्यापेक्षा जास्त फाटलेला. आतलं ग्रीस बाहेर लोंबतंय आणि त्यावर आपली लाल माती बसून गेरूसारखा रंग झालाय.

दोन ठिकाणी दाखवलं. एक म्हणाला, दोन्ही बाजूंचे एंड नवीन टाका, विचार करू नका. दुसऱ्याने चाकाला हातसुद्धा न लावता सांगितलं, "बूट हरदैती अष्ट, गाडी नडीतैती." म्हणजे बूटच फाटलाय, गाडी चालतीय की. दोघांच्या मध्ये मी लोंबकळतोय.

स्टेअरिंग घाटात अजून तरी बरोबर वाटतंय. पण मिरगाचा पाऊस आठवड्यावर आलाय. एकदा का तो लागला, की जांबोटी ते चोर्ला रस्त्यावर चाकाला चार महिने चिखलपाणी. म्हणून विचारतो, नुसता बूट मिळतो का? मिळाला तर टाकण्यात अर्थ आहे का? आणि तोवर फेऱ्या चालू ठेवू का नको? भाजीचं गिऱ्हाईक थांबत नाही ओ, एक फेरी चुकली तर दुसऱ्याची गाडी लागते.

उद्यमबागचा फिटर

जांबोटीवाला, तुम्ही वाकून बघितलंत हे फार बरं केलंत. निम्मे लोक हबचं सील समजून ते ग्रीस पुसून टाकतात आणि पुढे जातात.

तुमच्या दोन्ही मेकॅनिकांनी बूट बघितला, जॉइंट कुणीच बघितला नाही. ४०७ ला पुढे सरळ ॲक्सल आणि कमानपाटे. चाक वळतं ते किंगपिनवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या उभ्या पिनवर. बॉल जॉइंट असतात ते टाय रॉडच्या दोन टोकांना आणि ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, दोन टोकांना. आत एक गोल डोक्याची पिन, ती वाटीत बसलेली, वाटी आणि गोळ्याच्या मध्ये ग्रीस. बूटचं काम दोनच: ग्रीस आत ठेवायचं आणि माती-पाणी बाहेर. बूट फाटला त्या दिवशी जॉइंट खराब होत नाही. त्या दिवसापासून तो खराब व्हायला सुरुवात होते. आपल्याकडची लाल माती बारीक, ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. त्यात पाणी गेलं की गोळ्याला गंज धरतो, आणि गंजलेला गोळा वाटीला कानशीसारखा घासतो.

तेव्हा आधी एवढं करा. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, वजन चाकांवरच असू दे. जॅक लावू नका. केबिनमध्ये एका माणसाला बसवा आणि स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं झटपट हलवायला सांगा. पूर्ण फिरवायचं नाही. तुम्ही खाली जाऊन जॉइंटवर असा पंजा ठेवा, की एंडची वाटी आणि स्टेअरिंग आर्म (चाक वळवणारा लोखंडी हात) दोन्हीला एकदम हात लागेल. मधे 'टक' जाणवलं, किंवा आर्म हलायच्या आधी रॉड हलला, तर जॉइंट गेला. मग बूटची चौकशीसुद्धा करू नका. चारी जॉइंटना असाच हात लावा, फाटलेल्या एकालाच नाही.

मग जॅकवर घ्या. ॲक्सलखाली घोडी लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, मागच्या चाकांना ठोकळे. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा, मग वरून-खालून धरून हलवा. वर-खाली हललं तर एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो हबच्या बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिन-बुशचा. हे वेगळं केलं नाही तर माणूस टाय रॉड एंड बदलतो आणि प्ले तिथंच राहतो.

बघून सांगा, मग पुढचं बोलू.

कागवाडचा ऊसवाला

मी सांगतो तसं करून बघा. सीझनला आमची गाडी रात्री फडात, सकाळी कारखान्याच्या रांगेत. बूट बदलायला कुठला येळ. जुनी सायकलची ट्यूब घ्यायची, उभी चिरायची, आत ग्रीस भरून जॉइंटला दोन येढे घालायचे आणि वर-खाली बायंडिंग तारेनं आवळायचं. अख्खा सीझन काढलाय असा. आमच्या काळ्या मातीत नवीन बूट टाकला तरी फाटतोयच. चिखल वाळला की शिमिटासारखा घट्ट होतोय आणि चाक वळलं की रबराला चिरतोय.

उद्यमबागचा फिटर

ऊसवाले दादा, काळ्या मातीचं तुम्ही बरोबर बोललात. अथणी, रायबाग, कागवाडकडच्या गाड्या माझ्याकडे येतात त्यांचे बूट वरच्या काठाला कापलेले असतात, तुम्ही म्हणता तसे वाळलेल्या ढेकळाने. त्यावर उपाय एकच, रात्री गाडी लावताना चिखल ओला आहे तोवर लाकडी काडीने काढायचा. सळी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही.

पण ट्यूबचं मी मान्य करणार नाही. ट्यूब गुंडाळून घरापर्यंत आणलीत तर हरकत नाही, मीही वाटेत केलंय. अख्खा सीझन काढलात तर तो जॉइंट तुम्ही वापरून संपवलात. तार आवळली तरी ट्यूबच्या घडीतून पाणी आत शिरतं, आणि शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही. उघडा जॉइंट निदान वाऱ्याने वाळतो. शिवाय ट्यूबखाली काय चाललंय ते दिसत नाही, हे सगळ्यात वाईट.

चंदगडी

मी ड्रायव्हर नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरच्या गाडीच्या ड्रॅग लिंकच्या एंडचा बूट बरेच महिने फाटका होता. सगळ्यांना माहीत होतं. थोरला भाऊ म्हणायचा, पासिंगला न्यायच्या आधी बदलू.

आंबोलीहून माल खाली करून गाडी घरी आली. अंगणात मागे घेताना भावानं स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं आणि खाली 'फट' आवाज झाला. गोळा वाटीतून निघाला होता. स्टेअरिंग हातात गरगर फिरत होतं आणि चाकं आपली तिरकी तशीच. गाडी गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली. कुणाला काही झालं नाही.

त्याच्या तासभर आधी तो घाटात होता. आईनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. आता गाडीचा बूट फाटला असं कुणी म्हटलं, तर ती आधी विचारते, "गाडी उभी हाय न्हवं?"

जांबोटीवाला

चंदगडी, वाचून हात थंड पडले. उद्याची फेरी दुसऱ्याला दिली. फिटरकाकांनी सांगितलंय तसं उद्या सकाळी बघतो.

मेकॅनिकलवाली

मी बेळगावची, मेकॅनिकल शिकले, आता रबर आणि सीलच्या कामात आहे. बूट का फाटतो याबद्दल थोडं लिहिते, कारण कारण तसंच राहिलं तर नवा बूटही टिकणार नाही.

हे बूट बहुतेक क्लोरोप्रीनचे, म्हणजे आपण निओप्रीन म्हणतो त्याचे असतात. काही पॉलियुरेथेनचे. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला बारीक आडव्या चिरा पाडतो. म्हणून चाकं पूर्ण वळवून गाडी दिवसेंदिवस लावली, की बूट एका बाजूने ताणलेला राहतो आणि तिथेच आधी चिरतो. रात्री लावताना चाकं सरळ करून लावा. दुसरं, इंजिन ऑइलची गळती. स्वस्त बूटमध्ये नैसर्गिक रबर जास्त असेल तर ते खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं आणि काठ ढिला होतो. बूट बोटाने दाबल्यावर बुळबुळीत, फुगीर लागला तर वरून तेल कुठून ठिबकतंय ते आधी शोधा. म्हणूनच बूट डिझेल-पेट्रोलने धुवू नका. साबणाचं पाणी, कोरडं फडकं, एवढं पुरे.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त दिसतं आणि ते आपल्या हातचं आहे, ग्रीस गन. ग्रीस भरायचं निपल आहे म्हणून दाबत राहायचं, 'भरपूर गेलं पाहिजे' म्हणून. गनचा दाब फार मोठा असतो. बूट फुग्यासारखा फुगतो, काठ खाचेतून सुटतो नाहीतर मधेच फुटतो. बूट किंचित फुगायला लागला, की थांबायचं. चौथं, सर्व्हिसिंगचं प्रेशरचं पाणी. नोझल बूटच्या काठावर धरलं, की पाणी ओठाखालून आत जातं. बूट शाबूत दिसतो आणि आत जॉइंट गंजतो.

ग्रीसबद्दल: लिथियम बेसचं, दोन नंबरचं, ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं घ्या. दोन नंबर म्हणजे घट्टपणाचा दर्जा. प्रयोगशाळेत ठरावीक वजनाचा सुळका त्यात किती रुततो ते मोजतात, २६५ ते २९५ हे दोन नंबरचं माप. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीसही या जॉइंटला चालतं. सोडियम बेसचं नको, ते पाण्यात विरघळतं. आणि आधी कुठलं आहे ते माहीत नसेल तर जुनं पूर्ण काढून नवीन भरा. लिथियम आणि बेंटोनाइट मातीच्या बेसचं ग्रीस एकत्र आलं, तर मिश्रण पातळ होऊन गळून जाऊ शकतं.

निपाणीकर

ताई, फार उपयोगी. चाकं सरळ करून लावायचं आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

धाग्याला थोडा फाटा फोडतो, माफ करा. माझी पिकअप आहे, पुढे सरळ ॲक्सल नाही. वर-खाली विशबोन आर्म (चाक धरणारे दुहाती आर्म) आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). निपाणीहून तंबाखूची पोती नेतो. खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा बूट फाटलाय. काकांनी सांगितलेली स्टेअरिंग हलवायची परीक्षा यालाही चालेल का?

उद्यमबागचा फिटर

निपाणीकर, नाही चालणार, आणि तुमचं काम जास्त जपून करायचं आहे. ४०७ चा टाय रॉड एंड चाकाला फक्त दिशा देतो, वजन पेलत नाही. तुमच्या खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचं वजन बसलेलं आहे. तो निघाला तर चाक बाहेर कलंडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. तवंदी घाटात असं झालं तर स्टेअरिंग धरून काही उपयोग नाही.

जॅक चेसिसला न लावता खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावा. टॉर्शन बारचा जोर जॅकने घेतला, की जॉइंट मोकळा होतो. चेसिसला लावलात तर बारचा ताण जॉइंटला दाबून धरतो, आणि खराब जॉइंटसुद्धा घट्ट लागतो. चाक उचलल्यावर टायरखाली पहार घालून हळूच वर उचकटा आणि दुसऱ्याला जॉइंटकडे बघायला सांगा. वर-खाली किती चालतो याची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते, काही जॉइंटना थोडी हालचाल मुळातच दिलेली असते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. खालचा आर्म जॅकवर पक्का धरल्याशिवाय बॉल जॉइंटचा नट काढायचा नाही. टॉर्शन बार पिळलेला असतो. नट सुटला की आर्म खाली झटका मारतो, त्यात मनगट जाऊ शकतं. जॉइंट प्रेसने बसवलेला असेल तर गॅरेजमध्येच द्या, घरी घण मारू नका.

जांबोटीवाला

सकाळी सहाला गाडी अंगणात घेतली. धाकट्या भावाला स्टेअरिंगवर बसवलं, मी खाली. डावीकडच्या एंडला स्पष्ट टक लागली. पंजाला जाणवते, कानाला नाही. ड्रॅग लिंकचे दोन्ही जॉइंट घट्ट. उजवा टाय रॉड एंडही घट्ट, पण त्याच्या बूटला खालच्या बाजूला नखाएवढी चीर सापडली, जी मी आधी बघितलीच नव्हती. हबला वर-खाली किंचित प्ले होता, ब्रेक दाबल्यावर गेला, म्हणजे बेअरिंगचा.

काका, आता सांगा. डावा तर बदलायचाच. उजव्याचं काय करू? आणि काढायचा कसा? मागच्या वेळी मेकॅनिकनं दोन पाती असलेला चिमटा मधे घालून घणानं मारला होता.

उद्यमबागचा फिटर

तो चिमटा म्हणजे फोर्क. टाकून द्यायचा जॉइंट काढायला तो चालतो. जो वाचवायचा आहे त्याला कधी लावू नका, पहिल्या घावाला बूट चिरतो. तुमच्या उजव्या बूटची चीर त्यातूनच आली असावी असा माझा अंदाज.

उजवा आपण वाचवायचा प्रयत्न करू. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडायची पिन) काढा. कॅसल नट (खाचांचा नट) ढिला करा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू दे. त्यामुळे जॉइंट सुटला तरी अंगावर पडत नाही आणि आटे वाचतात. पिन स्टेअरिंग आर्मच्या भोकात निमुळती बसलेली असते. पुलर (पिन दाबून सोडवायचं हत्यार) असेल तर लावा. नसेल तर दोन हातोडे घ्या. एक जड, आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या कड्याच्या, एका बाजूला टेकवून धरायचा, दुसऱ्याने समोरच्या बाजूला सणसणीत मारायचा. पिनच्या टोकावर मारायचं नाही, आर्मच्या डोळ्यावर मारायचं. भोक क्षणभर ताणतं आणि पिन आपोआप सुटते. गॅसने तापवायचं नाही, आर्मचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि आतली वाटीही जळते.

सुटल्यावर बूटची रिंग काढून बूट उतरवा. जुनं ग्रीस फडक्याने काढा आणि ते ग्रीस दोन बोटांत चोळून बघा. नुसतं काळं पडलेलं असलं तर चिंता नाही. खर लागली तर माती गेली, तांबूस पाणी दिसलं तर गंज. आता पिन बोटांनी धरून गोल फिरवा, मग तिरकी करून चारी बाजूंना न्या. सगळीकडे सारखा जड प्रतिकार लागला पाहिजे. जॉइंटची झीज सगळ्यात जास्त मधल्या जागेवर होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून मधे ढिली आणि कडेला जड लागली, किंवा मधेच खडे अडकल्यासारखी अडली, तर तो जॉइंट गेला.

चांगला असेल तर निपलमधून नवीन ग्रीस भरत जा, स्वच्छ रंग येईपर्यंत जुनं बाहेर येऊ दे. बूट उतरवलेला आहे तोवरच हे करायचं.

नवा बूट घेताना 'टाटा ४०७ चा द्या' एवढंच म्हणू नका. जुना बूट बरोबर न्या. तीन मापं जुळायला हवीत: वाटीच्या खाचेचा व्यास, वरच्या तोंडाचा, म्हणजे पिनच्या जाड भागाचा व्यास, आणि बूटची उंची. वरचं तोंड सैल असलं तर पाणी सरळ आत. उंची कमी असली तर चाक वळताना बूट ताणतो, जास्त असली तर आर्मखाली चिमटतो. रिंग तारेची असेल तर नवीन घ्या. बांधायच्या तारेचं आवळण नको, तिची टोकं रबरात रुततात.

बूटमध्ये ग्रीस अर्ध्यापर्यंत. काठोकाठ भरलंत तर पहिल्या वळणाला बाहेर येईल आणि ओठ उचलला जाईल.

बसवताना पिनचा निमुळता भाग आणि आर्मचं भोक दोन्ही कोरडं, स्वच्छ. तिथे ग्रीस लावायचं नाही, ही चूक खूप जण करतात. निमुळती पिन कोरड्या घर्षणाने धरते. नट आवळताना पिन बरोबर फिरायला लागली तर खालून जॅकने एंडला हळू दाबून धरा, ती भोकात बसते. नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. मग खाच आणि पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून पुढची खाच घ्या. मागे ढिला करून कधीही जुळवू नका. कॉटर पिन नेहमी नवीन.

उजव्याचा फक्त बूट बदललात तर अलाइनमेंट हलत नाही, कारण रॉडचे आटे फिरलेच नाहीत. डावा एंड बदलताना मात्र काढायच्या आधी रॉडवर खडूने किंवा पेंटने खूण करा, आणि एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा. टाय रॉडला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे असतात, त्यामुळे नवीन एंड मागताना डावा-उजवा सांगा. तेवढ्याच फेऱ्या आत घातलात तरी ते तात्पुरतं, टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, तपासायलाच हवं.

कागवाडचा ऊसवाला

काका, ट्यूबचं मी लिहिलं ते परत घेतो. आज आमच्या गाडीची ट्यूब सोडली. आत तांबडं पाणी आणि ग्रीसचा चिखल. पिन हातानं डुलतीया. मागल्या सीझनला टायर आतल्या कडेनं झिजत होता, आम्ही टायरवाल्याला शिव्या घातल्या. त्यो हाच खेळ असंल न्हवं?

उद्यमबागचा फिटर

असू शकतो दादा. टायरवर हात फिरवा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना टोकदार, करवतीसारखं लागलं, किंवा उलटं, तर टो बिघडलेला आहे. ढिल्या जॉइंटने टो एका जागी राहत नाही, खड्ड्यागणिक बदलतो. जॉइंट बदलल्याशिवाय कितीही अलाइनमेंट करा, दुसऱ्या दिवशी तेच. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत काम उरका.

जांबोटीवाला

काम झालं. लिहितो, कारण माझ्यासारखा आणखी कुणी हे शोधत येईल.

डावा एंड काढला तेव्हा फेऱ्या मोजल्या, साडेसोळा. काढलेल्या जॉइंटचं खालचं झाकण ग्राइंडरने कापून बघितलं, मलाच बघायचं होतं. गोळ्याच्या एका अंगाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि वाटी अंड्यासारखी लांबट झालेली. ग्रीस नावाला नव्हतं. नुसती लाल माती, बोटाला कचकच लागणारी. आणि स्टेअरिंग 'बरोबर वाटतंय' असं मी इथेच लिहिलं होतं.

उजव्याला दोन हातोड्यांची पद्धत वापरली. तिसऱ्या घावाला पिन सुटली. ग्रीस काळं पण स्वच्छ, खर नाही. पिन सगळीकडे सारखी जड. म्हणून तिथे नुसता बूट टाकला. जुना बूट खिशात घालून बेळगावात तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात 'हाच बसतो' म्हणून दिलेला वरून सैल होता, परत केला. तिसऱ्या दुकानात मापाचा मिळाला, रिंगसकट. बूटचे पैसे म्हणजे फेरीला आम्ही वाटेत चहा-भजी खातो तेवढे.

हबची बेअरिंगही त्याच दिवशी खोलून, धुऊन, ग्रीस भरून आवळली.

एक शंका राहिली. एंडला रॉडवर धरणारा क्लॅम्प आवळल्यावर डाव्या नवीन एंडचा बूट थोडा एका बाजूला ताणलेला दिसतोय. उजवा सरळ आहे.

उद्यमबागचा फिटर

बरं झालं बघितलंत. क्लॅम्प आवळताना रॉड बरोबर फिरला आणि दोन्ही एंड एका पातळीत राहिले नाहीत. डावीकडची पिन आता आधीच तिरकी आहे. चाक पूर्ण वळलं की ती वाटीच्या काठाला टेकेल, आणि बूट त्याच बाजूने फाटेल, सहा महिन्यांत. क्लॅम्प ढिला करा. दोन्ही एंडच्या वाट्या एकाच दिशेला, एका पातळीत धरा, रॉड हाताने पुढे-मागे थोडा डुलतो का बघा, दोन्हीकडे सारखा डुलला पाहिजे. मग रॉड पान्याने धरून क्लॅम्प आवळा.

टो-इन घरी बघायचं तर पुढची चाकं जॅकवर घेऊन फिरवत टायरच्या मधोमध खडूने रेघ ओढा. खाली उतरवून गाडी थोडी पुढे ढकला म्हणजे चाकं मोकळी बसतील. ॲक्सलच्या उंचीवर पुढून दोन्ही रेघांमधलं अंतर मोजा, मग मागून. फरक तोच टो. पुस्तकातल्या आकड्याशी पडताळा. एवढं झालं की बेळगावात मशीनवर एकदा तपासून घ्या, जांबोटीहून तेवढी फेरी वाया जात नाही.

चंदगडी

जांबोटीवाला दादा, कापलेल्या जॉइंटचा फोटो टाका ना. भावाला दाखवायचा आहे. त्यानं आता नवीन गाडी घेतलीय. जुनी आठ वर्षांच्या पुढे गेली होती, दर वर्षी पासिंग लागायचं. नवीनला आधी दोन वर्षं पासिंग नाही. तो म्हणतो, आता दोन वर्षं खाली बघायला नको.

मेकॅनिकलवाली

चंदगडी, भावाला सांगा की बूटला पासिंगची तारीख कळत नाही. महिन्यातून एकदा, ग्रीस मारायच्या दिवशी, आधी चारी बूट कोरड्या फडक्याने पुसायचे आणि बोटाने दाबून सगळीकडून बघायचे. घडीच्या आतल्या बाजूला बघायचं, चीर तिथे असते. पुसलेला बूट दुसऱ्या दिवशी ओला दिसला तर कुठेतरी उघडा आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

जांबोटीवाला

काका, क्लॅम्प ढिला करून पुन्हा आवळला. दोन्ही बूट आता सरळ. मशीनवर टो तपासला, थोडा बाहेर होता, बसवून दिला.

काल पहिली फेरी झाली. कणकुंबीच्या पुढे धुकं आणि झिमझिम होती. घाटाच्या वळणांवर स्टेअरिंग सोडलं की आपणहून सरळ येतंय. हे आधी यायचं नाही, आणि येत नव्हतं हेही मला आठवत नव्हतं. म्हापशाला उतरल्यावर पहिल्यांदा खाली वाकून रिम बघितली. कोरडी.

चंदगडी, फोटो खाली जोडतोय. खड्डे दिसावेत म्हणून गोळा रॉकेलने धुतलाय. वाटी मात्र धुतली नाही, माती तशीच ठेवलीय.

निपाणीकर

फोटो बघितला. माझी पिकअप उद्या सकाळी गॅरेजला. जॅक आर्मखाली लावा असं आधी सांगणार आहे.